भेव मोडलं, मामा

मला पोहता येत नाही.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला नाही, आणि ज्याला पोहायला शिकवलं त्या भाच्याला तर नाहीच. माझी पन्नाशी उलटली आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या एका कापडगिरणीत मी शिफ्ट सांभाळतो. गिरणीत, घरात, सोयऱ्याधायऱ्यांत मी पट्टीचा पोहणारा म्हणून ओळखला जातो. मला पाण्यात पाहिलेला मात्र एकही माणूस नाही, आणि तसं कधी कोणाच्या ध्यानातही आलं नाही. माणसं ऐकलेल्यावर विश्वास ठेवतात.

एवढंच असतं तर लिहायला बसलो नसतो. एखाद्याला पोहता येत नाही यात सांगण्यासारखं काय आहे? पण त्या खोट्यावर पुढे दुसरं खोटं चढलं, आणि दुसऱ्यावर तिसरं. मधल्या काळात ताईचा एकुलता एक मुलगा ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात गेला. शार्क माशानं नेला.

अकोटच्या वरच्या अंगाला आमचं गाव. तिथं पोरं विहिरीत पोहायला शिकत. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक काठावरच्या मोठ्या माणसाच्या हातात. डबा सुटला की पोरगा पोहणारा झाला. कधी कधी एखादा पोरगा त्याआधीच बुडून जाई. विहिरीत कोणी असं गेलं की गावाची एक रीत होती. मोटर लावून विहीर उपसायची, पार तळ दिसेपर्यंत. झऱ्याचं नवं पाणी आलं की नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं. आणि तेरवी झाली की मामानं भाच्यांना विहिरीवर न्यायचं आणि एकेकाला उडी मारायला लावायची. याला म्हणत भेव मोडणं. भेव म्हणजे भीती. ती वेळेवर मोडली नाही तर अंगात मुरते आणि पोरगा जन्मभर पाण्याजवळ फिरकत नाही, असं जुने लोक सांगत.

मी चौथीत असताना माझा चुलतभाऊ आमच्याच विहिरीत गेला. विहीर उपसली तेव्हा मी काठावरून तळ पाहिला. काळा गाळ होता आणि गाळात त्याचा डबा रुतलेला होता, तोंड वर करून. तेरवीनंतर मामानं आम्हा पोरांना विहिरीवर नेलं. बाकीच्यांनी उड्या मारल्या, काकडत वर आले, आणि ओल्या चड्ड्यांनी घराकडे पळाले. माझी पाळी शेवटची. मी पाण्याकडे पाहिलं आणि उलट्या पावली तुरीच्या वावरात घुसलो.

मामानं मला तुरीतून ओढून काढलं. मारेल असं वाटलं होतं, पण मारलं नाही. जरा वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग पोहऱ्यानं पाणी काढलं आणि माझ्या डोक्यावर ओतलं.

"चाल आता घरी," तो म्हणाला. "तुई माय पुसन तं म्हन, मारली उडी."

आईनं माझे ओले केस पाहिले आणि हातावर गुळाचा खडा ठेवला. तो गूळ मी खाल्ला. मामा आता नाही. त्यानं ते मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही, मीही नाही.

पुढे ताईचं लग्न अकोल्यात झालं. भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी यायचा, आणि मीही अमरावतीहून तेवढ्यापुरता जायचो. त्याला पोहायला शिकवायचं काम आपसूकच माझ्याकडे आलं, कारण मामा मी आणि पोहणाराही मी. मी त्याच्या पाठीला डबा बांधला, कमरेला दोर बांधला आणि काठावर उभा राहिलो.

"मामा, तुमी बी उतरा ना," तो खालून ओरडायचा.

"मी उतरलो तं दोर कोन धरन बे?"

ते त्याला पटायचं. तो हुशार होता, पण मामाच्या बाबतीत भोळा होता. एका दुपारी काठावर आंबा चोखता चोखता त्यानं चुलतभावाची गोष्ट विचारली. घरात त्याच्या कानावर काहीतरी पडलं असणार. मी त्याला सगळं सांगितलं. विहीर उपसली ते, नारळ फोडला ते, पोरांना उभं केलं ते. आणि पुढे म्हणालो, "साऱ्याइच्या आंधी मी उडी मारली."

"भेव नाही लागलं?"

"लागलं ना. पन मोडाव लागते."

त्याच सुट्टीत त्याचा डबा सुटला. तो डबा ताईच्या अंगणात अजून आहे. तिनं त्यात ओवा लावलाय.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन तो ऑस्ट्रेलियाला गेला. पश्चिम किनाऱ्याजवळ द्राक्षांचा मोठा मळा होता, तिथं नोकरी लागली. तोवर त्यानं समुद्र पाहिलाच नव्हता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा व्हिडिओ कॉल करून मला दाखवला. "पाहा मामा, आपल्या विहिरीचा बाप!" वर्षभरात तो फळी घेऊन लाटांवर उभा राहायला शिकला. कामावरच्या एका वयस्कर माणसानं त्याला स्वतःची जुनी फळी दिली होती. दर रविवारी पहाटे दोघं सोबत जात. मी ते व्हिडिओ गिरणीत जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना दाखवायचो. "मीच शिकवलं त्याले पाण्यात." असं म्हणताना छाती फुगायची. हे लिहिताना लाज वाटते, पण फुगायची हे खरं.

तिथल्या समुद्रात शार्क आहेत हे त्यानं कधी लपवलं नाही. उलट समजावून सांगायचा. पहाटे आणि सांजच्याला धोका जास्त, पाणी गढूळ असलं तर उतरायचं नाही, एकट्यानं दूर जायचं नाही. पाणी त्यांचं आहे मामा, आपण पाहुणे, असं म्हणायचा. "शार्कनं मरण्यापेक्षा माणूस वीज पडून जास्त मरते." मी हसायचो. आमच्या वऱ्हाडात दर पावसाळ्यात वावरात वीज पडून माणसं जातात. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, त्याचाच एक वर्गमित्र तसा गेला होता. पण लांबच्या देशात गेल्यावर माणसाला वीज ही नुसती म्हण वाटत असावी.

मग तो फळी देणारा माणूस गेला. शार्कनंच. भाचा त्या दिवशी द्राक्षतोडणीच्या कामावर होता म्हणून सोबत नव्हता. तिथल्या लोकांनी काही दिवस किनारा बंद ठेवला, वरून हेलिकॉप्टर फिरवलं, आणि मग पुन्हा उघडला.

त्याचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत रविवारच्या बाजारात मेथी घेत होतो. सोबत गिरणीतला एक सोबती होता, आणि समोर माळीण जुड्या बांधत बसली होती. गलबल्यात ऐकू येईना म्हणून मी स्पीकर लावला. त्या एका बटणाबद्दल मी किती विचार केला असेल ते सांगता येणार नाही.

"मामा, इथले लोक पुढच्या रविवारी पान्यात जाऊन राह्यले," तो म्हणाला. "साऱ्या फळ्या गोल करून मधात फुलं सोडतेत. त्याच्यासाठी. इकडची पद्धत आहे." मग म्हणाला, "मले भेव लागून राह्यलं. रातच्यानं तेच दिसते. मी जाऊ का?"

सोबती कान देऊन ऐकत होता. तो हसत म्हणाला, "घ्या! तिकडं अकोल्यात नळाले पानी येत नाही, अन् तुमच्या भाच्याले पान्याचं भेव!"

माळीणही हसली. "मामा पोहनार, अन् भाचा भेकड?"

तेव्हा फोन कानाला लावून, बाजूला जाऊन, दबक्या आवाजात म्हणायला हवं होतं की नको जाऊ, बाबू. दिसतं ते दिसू दे, काठावर उभा राहून फुलं टाक, ती जातात वाहत. मलाही भेव लागलं होतं, मी तुरीत लपलो होतो, आणि हा बघ मी जिवंत आहे. इतकं सोपं होतं. पण चारचौघांत मी वेगळंच बोललो, आणि मोठ्यानं बोललो.

"हे काय पोट्ट्या, विसरला का? कोनी गेलं की भेव मोडाव लागते. नाही तं जल्मभर मोडत नाही."

"तुमी मारली होती ना उडी? साऱ्याइच्या आंधी?"

"मंग!"

पलीकडून लाटांचा आवाज येत होता, की वारा होता, कोण जाणे. मग तो म्हणाला, "बरं मामा. तुमी म्हनता तं जातो."

पुढच्या रविवारी फोटो आला. निळ्या पाण्यावर फळ्यांचं कडं, मधे पिवळी फुलं, आणि कड्यात एका बाजूला तो, एक हात वर केलेला. खाली लिहिलं होतं, भेव मोडलं, मामा. तो फोटो मी गिरणीत दाखवला.

त्यानंतर तो पूर्वीसारखाच दर रविवारी जाऊ लागला. द्राक्षांचा पुढचा हंगाम यायचा होता. अशाच एका साध्या रविवारी, साध्या लाटांत, स्वच्छ पाण्यात तो गेला. सोबत्यांनी ओढून किनाऱ्यावर आणला, पण उपयोग नव्हता. मी कामावर होतो. मागाच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही. पाणी प्यायला बाहेर आलो तेव्हा भाऊजींचे बरेच फोन येऊन गेलेले दिसले. मी उलट फोन केला तर ते नुसतं म्हणत होते, "मासा म्हनतेत, मासा म्हनतेत."

नागपूरच्या विमानतळावरून त्याची पेटी अकोल्यात आली. उघडली नाही.

घर माणसांनी भरलं. मरणाच्या घरी येणाऱ्याला काही तरी बोलावं लागतं, आणि अशा मरणावर काय बोलायचं हे अकोल्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. साप चावला, वीज पडली, हायवेवर ट्रकनं उडवलं, यांवर बोलायचे शब्द तयार असतात. इथं ते कामाचे नव्हते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "मोर्णा नदीत पानी नाही म्हनून समुद्रात काहून जायचं?" कोणी म्हणालं, इतक्या शिकलेल्या पोरानं शौकापायी जीव घातला. रात्री ओलिताला वावरात जाणाऱ्याला साप चावला तर त्याला कोणी शौक म्हणत नाही, हे मला तिथं बोलावंसं वाटलं. पण मला बोलण्याचा अधिकार उरला नव्हता.

त्याच गर्दीत ताईची नणंद म्हणाली, "मामाले पुसल्याबिगर पानी नोतं पेत पोट्टं. मंग याच्यात कसं नाही पुसलं?"

सगळे माझ्याकडे वळले. ताई भिंतीला टेकून बसली होती. तिनंही मान वर केली. तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. नुसतं विचारणं होतं, जसं मूल विचारतं.

मी म्हणालो, "पुसलं होतं. मी नाही म्हटलं. मी म्हटलं पान्यात पाय टाकू नको."

ताईची मान खाली गेली. पुटपुटल्यासारखं ती म्हणाली, "मामाचं बी नाही ऐकलं पोट्ट्यानं."

हे ते तिसरं खोटं.

दहाव्याला मोर्णेच्या काठी पिंड ठेवला. मला खात्री होती कावळा शिवणार नाही. सगळे ताटकळतील, एकेक जण पुढे होऊन काय राहिलं, काय राहिलं म्हणून विचारेल, आणि मला तिथं, सगळ्यांसमोर, बोलावं लागेल. मी मनातल्या मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण कावळा लगेच आला. भात उचलला आणि उडाला. भाऊजी म्हणाले, "झालं. मोकळा झाला." आम्ही गाड्यांकडे निघालो.

काही दिवसांनी त्याच्या तिकडच्या एका मित्राचा फोन आला. केरळचा मुलगा, हिंदीत बोलत होता. रडत होता. म्हणाला, "आंटी, उसको जो पसंद था, वही करते हुए गया." ताई शांतपणे म्हणाली, "पसंद तो उसको पुरणपोळी बी थी, बेटा."  मग तिनं विचारलं, तो मासा पकडला का? मुलानं सांगितलं की नाही पकडत, समुद्र त्यांचा आहे, तुमचा मुलगाही हेच म्हणायचा. फोन ठेवल्यावर ताई माझ्याकडे वळली. "इथं बिबट्यानं मानूस नेला तं पिंजरा लावतेत. तिथं काहून नाही लावत?" मला उत्तर येत होतं. त्याचंच उत्तर होतं, पाहुण्यांचं. मी म्हणालो, "मले नाही माहीत, ताई."

त्याचे मित्र तिकडे पुन्हा पाण्यात उतरतात. त्याच्यासाठीही त्यांनी फळ्यांचं कडं केलं, मला फोटो पाठवला. त्यांना दोष द्यायची माझी लायकी नाही. त्यांनी धोका पाहिला, तोलला, आणि आपलं आपण ठरवलं. भाच्यानंही तसंच ठरवलं असेल, माझ्या बोलण्यावाचूनही तो गेलाच असता, असं मी स्वतःला कित्येकदा समजावलं. पण ज्याला जायचंच असतं तो मामाला विचारत नाही. त्याला कोणीतरी नको म्हणायला हवं होतं. त्यासाठी त्यानं अख्ख्या जगातून माणूस निवडला तो मी. आणि मी त्याला विहिरीची रीत सांगितली. विहीर उपसता येते. तळ पाहता येतो, खाली काय आहे आणि काय नाही हे कळतं, आणि मगच पोरांना उडी मारायला लावतात. समुद्राचं भेव मोडायला मी त्याला पाठवलं तेव्हा हा फरक माझ्या डोक्यातही आला नाही. येणार कुठून? मी तर उपसलेल्या विहिरीतही उतरलो नव्हतो.

ताई रडली नाही. हेच मला सोसत नाही. आई मुलासाठी रडते, पण ती त्याच्यावर रागावून बसली आहे. त्याच्या फोटोला तिनं हार घातला नाही. वर्षश्राद्धाला भाऊजींनी पुरण घालायला सांगितलं तर म्हणाली, "ज्यानं कोनाचं ऐकलं नाही त्याच्यासाठी काय पुरन?" आणि साधं वरण लावलं. शेजारच्या बायका आपल्या पोरांना रागावताना त्याचं उदाहरण देतात हे तिनं ऐकलंय. ती त्यांना काही म्हणत नाही. मेलेल्या पोराला तिनं न ऐकणारा ठरवलं आहे, आणि तो तर जन्मभर ऐकत आला होता.

मागच्या महिन्यात अकोल्याला गेलो होतो. मूर्तिजापूरपर्यंत एसटीत मी तेच वाक्य घोकत होतो. ताई अंगणात ओव्याला पाणी घालत होती, त्या डब्यात. डब्याला खालून गंज लागलाय, पाणी झिरपतं. मी म्हणालो, "ताई, एक सांगायचं होतं."

ती वळली. "सांग ना."

मी डब्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं मला रडू येतंय. तिनं ओला हात पदराला पुसला आणि माझ्या पाठीवर ठेवला. "जाऊ दे, बाबू," ती म्हणाली. "तू तरी नाही म्हटलं होतं. साऱ्या घरात एक तरी होता त्याले थांबवनारा. तेवढ्यावर मी जगून राह्यली."

मग चहा झाला. तिनं आंब्याच्या लोणच्याची बरणी बांधून दिली. मी संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. बरणी अजून उघडलेली नाही.

आता तिला सांगितलं तर तिचा तोही आधार जाईल. नाही सांगितलं तर तिचा मुलगा तिच्या मनात असाच राहील, आईचं, मामाचं, कोणाचंच न ऐकणारा. दोन्हीतून बरं काही निघेल असं मला वाटत नाही. ताई वाचत नाही, तिचे डोळे अधू झालेत, त्यामुळे हे लिहिणं सोपं आहे. पण इथं लिहिलं म्हणजे तिला सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं.

त्यानं मला विचारलं होतं. मी जा म्हणालो. त्यानं माझं ऐकलं. एवढं ताईला, तिच्यासमोर बसून, माझ्या तोंडानं सांगायचं राहिलं आहे.